कुंडीतल्या कोथिंबिरीबद्दल खुलासा

सूनबाई,

खिडकीतल्या एका कुंडीत बाराही महिने कोथिंबीर पिकवून या घराने ऋतुचक्राचा पराभव केला आहे. खरी कोथिंबीर मात्र चार महिन्यांपूर्वीच मेली. दुपारी घरात दुसरं कोणी नसल्यामुळे मी तिलाच तासातासाला पाणी विचारायचो. ते तिला मानवलं नाही. तेव्हापासून एक दिवसाआड बाजारातली जुडी आणून मातीत खोचतो आहे. रोपाला ऊन कमी पडू नये म्हणून कुंडीवर बसवलेला दिवाही नियमाने लावतो, फसवणुकीत हयगय नको. तू कात्रीने कापतेस, म्हणून काडी कधी हातात आली नाही.

आधीच सांगायला हवं होतं. पण ऑफिसातून आल्यावर तू तिथे पाच मिनिटं थांबतेस, "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे हो," म्हणतेस. जुडी फ्रिजमध्ये असती, तर थांबली नसतीस.

मी तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात राहणार आहे. काळजीचं काही नाही, रजा काढू नका. तोवर काड्या माना टाकतील, म्हणून हा खुलासा. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. घरात कुंडी आहे हेच त्याला माहीत नाही.

परवा मला न्यायला आलीस, तर वाटेत एक जुडी घे. मुळं असलेली बघ.

— बाबा