समजलं का, असं विचारू नये

याकिमा खोरं, वॉशिंग्टन
रविवार, ९ सप्टेंबर २०१८

ती. एदुविखेस आत्यास,
ओरालियाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की ७ ऑगस्टला डॉक्टरांनी बाबांना सगळं सांगितलं आणि बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. तारीख बरोबर आहे. मंगळवार होता, तेही बरोबर. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, हेसुद्धा खरं. पण बाबांपर्यंत ते पोचलं नाही, कारण मध्ये मी बसले होते.

बियाण्यांच्या पिशव्यांवरची अक्षरं दाखवून तूच मला वाचायला शिकवलंस, आणि लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी खरं लिहायचं, हेही तूच शिकवलंस. म्हणून ते पत्र फाडू नकोस. हे त्याच्या शेजारी ठेव.

बाबांना पोटाचा कॅन्सर आहे, आत्या. तो यकृतापर्यंत गेला आहे. औषधं घेतली तर कदाचित वर्षभर, नाही घेतली तर हा हिवाळा, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय म्हणाले की लांबच्या कुणा आपल्या माणसाला भेटायचं असेल तर ऑक्टोबर संपायच्या आत जाऊन यावं, पुढे प्रवास झेपणार नाही. जाऊन यावं, असं ते सहज म्हणाले. बाबांकडे इथे राहायचे कागद नाहीत, एकदा गेले की परत येणं नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार.

तुला ठाऊक आहे, मी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांची सोय सुधारायला जी समिती नेमली, तिच्यातही मी दोन वर्षं आहे. तिथे भांडून मी दोन नियम करून घेतले. पहिला, घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी दुभाषी व्हायचं नाही. आईच्या आजारात अकरा वर्षांची मीच डॉक्टरांचं बोलणं तिला सांगत होते, म्हणून हा नियम. दुसरा असा की रुग्णाला समजलं का, असं विचारायचं नाही. आपली माणसं डॉक्टरांना नाही म्हणत नाहीत, ते उर्मटपणाचं वाटतं. म्हणून काय समजलं ते रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

दवाखान्यातली एकुलती एक दुभाषी जुलैत सोडून गेली. फोनवरच्या दुभाषीची लाइन त्या दिवशी दोनदा तुटली. डॉक्टरांनी विचारलं, तू करशील का. मी हो म्हणाले.

बाबांना मी सांगितलं की पोटात सूज आहे, औषधाने उतरेल, फळं तोडायला शिडीवर चढायचं नाही. मग डॉक्टरांनी माझाच नियम पाळला. काय समजलं ते सांगा, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, सूज आहे, उतरेल, शिडी बंद, डॉक्टर सांगतील तसं. वर मला म्हणाले, यांना सांग की यांच्या बुटाची नाडी सुटली आहे, पडतील. मी डॉक्टरांकडे वळले आणि सांगितलं, त्यांना सगळं कळलं आहे, औषधं नकोत, विचार करायला वेळ हवा. नाडीचंही सांगितलं. तेवढंच मी खरं सांगितलं. कागदावर नोंद आहे, रुग्णास पूर्ण कल्पना दिली, उपचारास नकार.

आपल्या घरात आजाऱ्याला आजार सांगत नाहीत, हे मला तिथे आठवलंही नाही. तोंडच तसं चाललं. आता बाबा मला समितीवाली बाई म्हणून चिडवतात, आणि पुढच्या हंगामानंतर गावी नक्की, असं सतरा वर्षं म्हणतात तसंच म्हणतात. सांगू का, ते तू ठरव. माझ्याने ठरत नाही.

तुझी माया माझ्यावर आहे तशीच राहू दे, एवढंच मागते.
तुझी
ओरालिया


सान्ता रोसा, मिचोआकान
२४ सप्टेंबर

चि. ओरालियास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी खुराड्यामागे बसून वाचलं. घरात वाचलं असतं तर शेजारच्या चोनाने माझ्या तोंडावरूनच सगळा मजकूर वाचला असता. तिला अक्षर येत नाही, पण तोंडं वाचण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तुझं अक्षर मात्र अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. माझी शिकवणी वाया गेली.

पोरी, सांगू नकोस. तुझा बाप एलिओ लहानपणी विंचू दिसला की माझ्या परकराआड लपायचा. आता टोपी घालून फिरतो म्हणून धीट झाला, असं समजू नकोस. तुमचे डॉक्टर पावट्याचे दाणे मोजावेत तसे महिने मोजतात, मोजू देत. ज्यावर औषध नाही ते सांगून कुणाचं पोट भरतं? तुझ्या आजीला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आदल्या दिवशीसुद्धा ती टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं का, असं विचारत होती. निवांत गेली.

तू चुकली नाहीस. चांगल्या लेकीने करायचं तेच तुझ्या हातून झालं. त्याला कोंबडीचा रस्सा पाज, भांडू नकोस, आणि त्याच्या खोलीवर नवे पत्रे घातलेत असं सांग. म्हातारीची आठवण ठेव आणि लिहीत जा.

तुझी
आत्या


सान्ता रोसा
१६ ऑक्टोबर

चि. ओरालियास आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मागच्या पत्रात मीही खोटं लिहिलं, आणि नियम माझाच आहे, तेव्हा शेजारी खरं लिहिते.

आई निवांत गेली नाही. जायच्या दोन दिवस आधी तिने सगळ्यांना पाण्याला पाठवलं आणि मला एकटीला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. मी म्हणाले, ईस्टरपासून. तिने बोटांवर मोजलं. पाच महिने भरले. मग म्हणाली, पाच महिन्यांत मी ताकांबारोला जाऊन माझ्या बहिणीला भेटून आले असते, आणि तुम्ही मला शेंगा सोलायला बसवलीत. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. टोमॅटोचं विचारलं ते चोनाला, मला नाही. वीस वर्षं मी सगळ्यांना निवांत, निवांत सांगत आले. सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं होतं.

एलिओला सांग आणि पाठवून दे. परत जाता येणार नाही, हे तो जाणतो. त्याचं त्याला ठरवू दे. चोनाच्या भाच्याची गाडी सांगून ठेवली आहे, मोरेलियाच्या विमानतळावर मी स्वतः येईन. विंचवाला भिणाऱ्याला कुणीतरी न्यायला हवंच. खोलीला चुना लावला. डॉक्टरांनी ऑक्टोबर म्हटलं आहे, ते मी विसरलेले नाही. हे पत्र वेळेत पोचू दे.

तुझ्यावर राग नाही. असलाच तर माझ्यावर आहे.

आत्या


याकिमा खोरं
रविवार, ४ नोव्हेंबर २०१८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पत्र ३१ ऑक्टोबरला पोचलं. २९ तारखेला बाबांच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी ते काढलं आणि म्हणाले, आता विमान नाही, लांबची गाडीही नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले.

तुझ्या पत्राला दोन दिवस उशीर झाला असं मनात आणू नकोस. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीचा सगळा सप्टेंबर माझ्या हातात होता. ते आलं तेव्हा मला हायसं वाटलं, हेही तुला कळायला हवं. ऑक्टोबरमध्ये रोज सकाळी मी आज सांगू म्हणायचे आणि संध्याकाळी तुझं पत्र काढून वाचायचे.

त्या दिवशी फोनवरच्या दुभाषीने फक्त सुईचं आणि पाण्याचं सांगितलं. म्हणून बाबांना वाटतं की सूज बाटल्यांतून निघून गेली. डॉक्टर हुशार आहे, नाडी बांधता येत नसली तरी हात चांगला आहे, त्याला तामालेस करून ने, असं मला बजावलं. मी मक्याच्या पानांत गुंडाळून उकडले आणि नेले. परवा, मृतांच्या दिवशी, आजीच्या फोटोपुढे झेंडू ठेवताना म्हणाले, पुढच्या वर्षी मी स्वतः कबर साफ करीन, एदुविखेसला धड उपटता येत नाही, गवताची मुळं ठेवते.

दवाखान्यात मी सगळं कबूल केलं. हार्मनबाई समितीच्या प्रमुख आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुभाषीची जागा आता भरायची नाही असं वरून ठरलं आहे, तेव्हा घरच्यांनी बोलायचं नाही हा नियमही काढावा लागेल, आणि तूच तो पाळू शकली नाहीस, मग मी कुणाशी कशाच्या जोरावर भांडू. पुढच्या महिन्यापासून पुन्हा पोरीबाळीच आपल्या आयांना सगळं सांगत बसतील. दोन वर्षांत आम्ही भिंतीवरच्या पाट्या तेवढ्या स्पॅनिशमध्ये केल्या. त्या राहतील. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे.

मी एकच गोष्ट मागितली आणि ती मिळाली. शेजारच्या जिल्ह्यातल्या इस्पितळात ब्रिहिदा ओल्मोस नावाच्या दुभाषी आहेत. वयस्क आहेत, वेराक्रूसच्या, आमच्या कुणी लागत नाहीत. त्या चाळीस मिनिटं येणार आहेत. डॉक्टर बाबांना सगळं पहिल्यापासून सांगतील, आणि मी लेकीच्या खुर्चीवर गप्प बसेन. मग ऑगस्टमध्ये डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं, ते मी बाबांना माझ्या तोंडाने सांगेन. ऑक्टोबरचंही सांगेन, तू चुना लावलेल्या खोलीचंही. मी बोलेन ते ब्रिहिदाबाई डॉक्टरांना ऐकवतील, म्हणजे मी काही गाळलं तर डॉक्टर अडवतील. काय समजलं ते बाबा शेवटी स्वतः सांगतील. या वेळी ते दुसरं कुणीतरी पोचवेल.

याने काही सुधारणार नाही, हे मला कळतं. ते भिंतीकडे तोंड करतील, तर तो त्यांचा हक्क आहे. तुला त्यांचं स्वतःचं पत्र येईल न येईल, माहीत नाही. आलं तर त्यात माझ्याबद्दल जे असेल ते खोडू नकोस.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्यांना कळलेलं असेल. त्यानंतरही मला भाची म्हणशील, अशी आशा धरते.

तुझी
ओरालिया

ता. क. वेळ नक्की झाली. मंगळवार, १३ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.