उत्तर दरवाजाचा पहारा कन्येकडे वर्ग न करण्याबाबत

प्रति,
मा. शिस्त अधिकारी,
खेळाडू कर्तव्ये व तक्रार निवारण कक्ष,
'शेवटचा तट' (सामूहिक ऑनलाइन खेळ),
मुख्य कार्यालय.

विषय : उत्तर दरवाजाचा पहारा अर्जदाराच्या कन्येकडे वर्ग करू नये याबाबत विनंती.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची कारणे दाखवा नोटीस.
२) अर्जदाराविरुद्ध त्याच्या सख्ख्या मुलीने दाखल केलेली तक्रार.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदरहू अर्जदार हा चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूस बसून काचा घासण्याचे व त्या फ्रेममध्ये बसवण्याचे काम करतो. घरी आई, पत्नी व एकुलती एक कन्या असा परिवार आहे. कन्या परगावी नर्सिंगचे शिक्षण घेते व तेथे एका खोलीत एकटी राहते. ती एकटी राहते ही बाब आपण कृपया ध्यानात ठेवावी. अर्जदाराचा सगळा जीव त्या एका बाबीत अडकला आहे.

२. दुपारी गिऱ्हाईक नसताना वेळ जावा म्हणून अर्जदार आपला खेळ खेळू लागला. खेळ आपल्याच कार्यालयाचा असल्याने तो आपल्याला समजावून सांगणे हा आगाऊपणा होईल, तरी कागद पुरा असावा म्हणून नमूद करण्यात येते. या खेळात शेकडो माणसे मिळून एक तट राखतात. कोणी दगड आणतो, कोणी विहीर सांभाळतो, आणि एकाकडे उत्तर दरवाजाचा पहारा असतो. पहारेकऱ्याने स्क्रीनकडे पाहत राहायचे आणि अधूनमधून अडसराला बोट लावून आपण जागे आहोत असे कळवायचे, एवढेच काम. दरवाजाबाहेर एक सरळ रस्ता दिसतो. रस्त्याच्या पार टोकाला एक माणूस उभा असतो. खेळाडू त्याला 'पाहुणा' म्हणतात. नियमावलीत त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. तो शोभेसाठी ठेवला असावा, असा अर्जदाराचा समज होता.

३. त्या काळी दरवाजावर 'मुंगूस' या टोपणनावाचा खेळाडू असे. अर्जदार सकाळी पाहो, दुपारी पाहो, मुंगूस आपला जागेवर हजर. ज्याचे उभे आयुष्य लोकांच्या डोळ्यांपायी गेले त्या अर्जदारास हे खटकणे साहजिक होते. डोळे असलेल्या माणसाला इतके पाहवत नाही. हे माणसाचे काम नसून कुठल्यातरी प्रोग्रामचे आहे, असे त्याने मनाशी ठरवले. अर्जदारास लबाडीची भारी चीड आहे. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला तो दंडाला धरून मागे नेतो व त्यावरून घरी बोलणीही खातो. सबब त्याने मुंगुसाविरुद्ध रीतसर तक्रार केली. ही नसती उठाठेव होती, हे आता कळून उपयोग नाही.

चौकशीत प्रोग्राम वगैरे काही निघाले नाही. मुंगूस, त्याची बायको आणि त्याचा म्हातारा सासरा अशी तीन माणसे एकाच खात्यावर पाळ्या लावून पहारा करीत होती. 'एक खाते, एक हात' या नियमाचा भंग झाल्याने मुंगुसाला काढून टाकण्यात आले. आपल्या कक्षाने अर्जदाराचे अभिनंदन केले व त्याच्या नावापुढे एक पिवळा तारा लावला. त्याच दिवशी दुसरे पत्र आले. नियम नऊ : ज्याची तक्रार सिद्ध होईल, त्याच्याकडेच रिकामा झालेला पहारा जाईल, आणि कोणी त्याला दोषी सिद्ध करीपर्यंत तो त्याच्याकडेच राहील. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतील, पण त्यासाठी लेखी तक्रार करणारा अर्जदारच.

४. जाता जाता मुंगुसाने अर्जदारास एक निरोप पाठवला होता. तो असा : "सुटलो भाऊ. बायको तर रडायलाच लागली आनंदानं. तुमचे उपकार कसे फेडू? फक्त एक करा, नजर काढू नका त्याच्यावरून." हरलेला माणूस टोमणा मारतो आहे, असे अर्जदार धरून चालला.

५. त्यानंतर एका दुपारी दुकानात एक आजीबाई स्क्रू ढिला झालेला चष्मा घेऊन आल्या. अर्जदाराने फोन काउंटरवर पालथा ठेवला. काम चिमूटभर, पण आजीबाई बोलक्या निघाल्या. नंतर फोन उचलून पाहतो तर पाहुणा टोकाला नव्हता. तो बराच अलीकडे येऊन थांबला होता. रस्ताही आधीचा राहिला नव्हता. पूर्वी दोन्ही बाजूंना नुसते माळरान दिसे; आता डाव्या अंगाला किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती आणि तिच्या पाटीतले एक अक्षर पडलेले होते. अर्जदाराच्या दुकानासमोर अशीच टपरी आहे. तिच्या पाटीतलेही तेच अक्षर पडलेले आहे.

अर्जदार वेडा नाही. त्याने दुकानाबाहेर येऊन टपरी पाहिली, मग स्क्रीनवरची पाहिली, मग पुन्हा बाहेरची. किल्लीवाल्याने विचारले, "काय शोधताय शेठ?" अर्जदार म्हणाला, काही नाही.

६. त्यावर अर्जदाराने आपल्या कक्षाकडे राजीनामा पाठवला. कर्तव्यावर असताना खाते बंद करता येत नाही, असे उत्तर आले. मग अर्जदाराने फोन बंद केला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला. खेळ तो खेळ, नाही खेळलो तर कोण काय करणार, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघाला असता तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई दारातच भेटल्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडचे पाहुणे कालपासून जिन्यात उभे आहेत. किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला? वर तरी बोलवा." जिन्यात कोणीही नव्हते. अर्जदार कामावर न जाता वर आला, कपाट उघडले आणि फोन चालू केला. स्क्रीनवर दरवाजासमोर एक जिना होता. त्याच्या खालच्या पायरीचा कोपरा तुटलेला असून तेथे विटेचा तुकडा सिमेंटने बसवलेला होता. ती वीट अर्जदाराने स्वतः बसवली आहे. पाहुणा त्या पायरीवर पाय ठेवून वर पाहत होता.

हा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाणार नाही, याची अर्जदारास कल्पना आहे. शिवणकामवाल्या बाईंनीही लेखी देण्यास नकार दिला.

७. त्या दिवसापासून अर्जदाराच्या घरात फोनवरून नजर हटलेली नाही. सकाळी पत्नी, दुपारी आई व उरलेला वेळ अर्जदार, अशा पाळ्या आहेत. म्हणजे मुंगूस जे करीत होता तेच अर्जदार करीत आहे, आणि ही गोष्ट तो येथे स्पष्ट शब्दांत कबूल करतो. पत्नीने सुरुवातीला फार त्रागा केला. "मोबाइलपायी घराचं वाटोळं झालं," असे ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे. एकदा तिने स्वतः स्क्रीन नीट पाहिली, तेव्हापासून सकाळची पाळी ती स्वतः मागून घेते. स्वयंपाक करताना फोन डब्याला टेकवून ठेवते व भाजी अंदाजाने चिरते. तिच्या बोटांना कायम पट्ट्या असतात.

आईची नजर अधू. अर्जदाराने तिच्यासाठी नवा जाड चष्मा बनवला, तरी मध्यंतरी एकदा तिला पाळीत डुलकी लागलीच. जागी झाल्यावर ती न घाबरता म्हणाली, "अरे, हा वर आलाय की. आपल्याकडचंच कोणीतरी दिसतंय." कोणाकडचे, असे विचारले तर तिला सांगता येईना. पाहुणा आता अर्जदाराच्या मजल्यावर, घराच्या दारासमोर उभा आहे. त्याचा चेहरा दिसेल इतका तो जवळ आहे. अर्जदार चेहरा सोडून इतर सर्व भागांकडे पाहतो.

८. अशा स्थितीत कन्या सुट्टीवर घरी आली. तिने बापाचे डोळे पाहिले, आईची बोटे पाहिली, आजीला जेवतानाही फोनकडे पाहताना पाहिले. तिघांचे गुपचूप फोटो काढले आणि आपल्या कक्षाकडे तक्रार केली की, अर्जदार एका खात्यावर तीन माणसे बसवून लबाडी करतो, सबब त्याला खेळातून कायमचे काढून टाकावे. मग चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, केलं मी तुमचं काम. आता काढून टाकतील तुम्हाला. झोपा निवांत." तिचा तो समाधानी चेहरा पाहून अर्जदारास काय वाटले, ते कागदावर लिहिता येत नाही. पोरीने मायेपोटी केले. अर्जदाराने मुंगुसाचे केले ते रागापोटी. आपल्या नियमाला दोन्ही सारखेच.

कन्येला नियम नऊ वाचून दाखवण्यात आला. जिन्याचे व शिवणकामवाल्या बाईंचेही सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. तक्रार मागे घे म्हणून आजीने तिच्यापुढे हात जोडले, पण ती बधली नाही. तिचे म्हणणे असे, "तुम्ही तिघं किती दिवस काढणार? मला रात्रपाळीची सवय आहे. मी बघीन." पहारा अर्जदाराकडे आला तेव्हा पाहुणा रस्त्याच्या टोकालाच होता, म्हणजे पहारेकरी बदलला की तो पुन्हा टोकाला जाईल व सुरुवातीला भरपूर वेळ मिळेल, असा तिचा हिशेब आहे. हिशेब बरोबर आहे. परंतु महोदय, मुंगूस तिघे होते. अर्जदारही तिघे आहेत. त्या खोलीत ती एकटी आहे. तिची पाळी घ्यायला कोणी नाही, आणि विशीतल्या पोरीला दिवसभर वॉर्डात उभे राहून आल्यावर झोप ही येणारच.

९. उद्या सुनावणी आहे. तक्रार खरी असल्याने ती सिद्ध होणार, यात शंका नाही. म्हणून अर्जदाराने आपली नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली. एका डोळ्याने ती आणि एका डोळ्याने स्क्रीन, असे वाचल्याने वेळ फार गेला. त्यात नियम नऊच्या शेवटच्या पोटकलमात पुढीलप्रमाणे तरतूद आढळली : सुनावणीपूर्वी खेळाडूने आपला दोष स्वतःहून लेखी कबूल केल्यास त्याच्याविरुद्धची तक्रार आपोआप निकाली निघेल; अशा वेळी तक्रारदार उरत नसल्याने रिकामा पहारा ती कबुली वाचणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल.

सदरहू अर्ज हीच अर्जदाराची लेखी कबुली आहे. ती परिच्छेद सातमध्ये दिलेली असून, आपण तो परिच्छेद वाचून पुढे आला आहात.

१०. महोदय, अर्जदाराचे आपल्याशी काहीही वाकडे नाही. आपल्या खुर्चीत दुसरे कोणी असते तर हा अर्ज त्यांच्या हाती पडला असता. अर्जदारास याची लाज वाटते, हेही नोंदीवर असावे. पण लाज आणि मुलगी यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्याला फार विचार करावा लागला नाही. आपणासही लागला नसता.

आता काही उपयोगाच्या गोष्टी. रस्ता सुरुवातीला अनोळखी दिसेल, त्याने बिनधास्त होऊ नये. डोळे मिटायचेच झाले तर एका वेळी एकच मिटावा; सवयीने जमते. घरच्यांना पाळ्या लावाव्यात. ते नियमाविरुद्ध आहे, परंतु त्यावाचून भागत नाही आणि कारवाई करणारे आपणच आहात. शेवटची विनंती अशी की, घरात आपल्यावर जीव लावणारे कोणी असेल, विशेषतः लेक असेल, तर आपले डोळे तिला दिसू देऊ नयेत. ती आपली तक्रार करील.

आपला नम्र,
आजवर त्याच दरवाजावर उभा असलेला
(सही)
चष्म्याच्या काचा घासणारा

दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी.

सोबत :
१) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२) अर्जदार, पत्नी व आई यांच्या सहीचा कबुलीजबाब. कन्येची सही घेतलेली नाही. ती झोपली आहे व तिला उठवलेले नाही.