टाकीपासून फाटकापर्यंत

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

चि. ढब्बू यास,
अ. उ. आ.

काल तुझे भावोजी मला डोंगरावर विसरून आले. छत्री विसरावी, चष्म्याचं घर विसरावं, तशी बायको. मी हे वाक्य लिहून तीनदा वाचलं, तरी खरं वाटत नाही. तूही पुन्हा वाच. आपल्या घरात भांडण फोनवर करायचं नाही, कागदावर करायचं, हा आईचा नियम, म्हणून लिहायला बसले आहे. नाहीतर आज बोलायचीही ताकद नाही.

आमची जोडसायकल तू बघितली आहेस. दोन सीट, चार पेडल, हँडल एकच. पुढे हे, मागे मी. तीन वर्षं दर रविवारी सराव चाललाय, आणि पुढच्या महिन्यात दोनशे किलोमीटरच्या फेरीला आम्ही नाव दिलंय. ग्रंथालयातल्या बायका मला विचारतात की सारखी एकच पाठ बघून कंटाळा येत नाही का. मी म्हणायचे, घरात हा माणूस तोंड उघडत नाही, पण सायकलवर अखंड बोलतो. छापखान्यातल्या गमती, लग्नाआधीच्या गोष्टी, काय वाट्टेल ते. त्या बोलण्यासाठी मी पेडल मारते. मी मागून काही म्हटलं तर उत्तर येत नाही, पण वाऱ्यात कुणाला ऐकू येणार, आणि माझा आवाजही पुस्तकांमध्ये कुजबुजून कुजबुजून अर्धा झालेला.

काल डोंगर चढून पाण्याच्या टाकीपाशी थांबलो. निघताना हे पुढे सायकल धरून उभे राहतात, मी यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे चढते. तो हात लागला की निघायचं, असं ठरून गेलंय. काल हात ठेवला आणि दिसलं की माझा हातमोजा टाकीच्या कठड्यावर राहिलाय. थांबा, हातमोजा आणते, असं म्हणून मी वळले. परत वळते तो काय, सायकल उतारावर. मी हाका मारल्या. दुसऱ्या वळणाला माझं पिवळं हेल्मेट नसलेली आमची सायकल दिसली, आणि हे हात हलवून हलवून बोलत होते. कुणाशी, देव जाणे.

फोन यांच्याच हँडलच्या पिशवीत. खाली रेल्वेच्या फाटकापर्यंत अकरा किलोमीटर उतार आहे. म्हटलं, फाटकापाशी तरी कळेल, येतील परत. दोन तास त्या कठड्यावर बसले. आले नाहीत. शेवटी कोबीच्या टेम्पोत बसून घरी आले.

आणि घरी बघते तर हे सायकल पुसत बसलेले. माझ्याकडे बघितलं, कळलं मला, एवढंच म्हणाले आणि पुन्हा साखळी पुसायला लागले. काय कळलं? बायको वजनाला किती कमी भरते ते? मी भांडी घासता घासता सगळं सांगितलं, टाकी, हातमोजा, दोन तास, टेम्पो. पाठीमागे हे जेवणाच्या टेबलाशी बसून होते. एक अक्षर बोलले नाहीत. चुकलं असंही नाही.

विसरले ते मी एक वेळ पोटात घालीन. पण शोधायला परत आले नाहीत, हे मला गिळवत नाही. एकवीस तारखेला, शनिवारी मी तुझ्याकडे येते. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस. या माणसाच्या मागे मी पुन्हा बसणार नाही, सायकलवर नाही आणि कशातच नाही.

तुझा लोभ माझ्यावर आहे तसा ठेव. यांच्या वाट्याचा तूर्त काढून घे.

तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात उघडलं. पहिली ओळ वाचून हसलो, हे कबूल करतो. समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते, तेही उगीच हसले. मग टाकीवरच्या दोन तासांपर्यंत आलो आणि तोंडात मारल्यासारखं झालं. आजोबांना चुकीची काच लावून बसलो होतो.

आपले भावोजी? तुला ताप आला तर छापखान्याला दांडी मारणारे? माझा विश्वास बसत नाही, आणि तू खोटं लिहिणार नाहीस. मग या दोन्हींचं करायचं काय?

एक गोष्ट मात्र मलाही खटकत होती, आज लिहितो. वर्षभर मी फोन केला की ते तुझ्या ताईला देतो म्हणतात आणि पळतात. मला वाटायचं, मीच काही वावगं बोललो असेन. कॅरम खेळताना मी चिडवलं तरी हल्ली ते चिडत नाहीत, नुसते हसतात. माणूस आपल्यातून उठून चालल्यासारखा झालाय.

तू खुशाल ये. खोली आवरून ठेवतो. भावोजींनाही कालच चार ओळी पाठवल्या आहेत. त्यात मानपान ठेवलेला नाही. बायको काय कचरा आहे टाकून यायला, असं विचारलंय. जावयाला असं लिहिल्याचं आईला कळलं असतं तर तिने माझेच कान उपटले असते.

माझी माया पुरवून पुरवून वापर, पण वापर.

तुझा,
ढब्बू (वजन आता बरंच कमी आहे)


ता. १३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ढब्बू,
स. न. वि. वि.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. रागावलास ते ठीक, पण तुला उलटंच कळलंय. मी तिला टाकून आलो नाही. तीच उतरून गेली. आणि तिने केलं ते बरोबरच केलं, म्हणून मी तिला काही विचारलेलं नाही.

तुझ्यापासून आता लपवत नाही. मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्यात नुसता गलका उरलाय. छापखान्याच्या मशीनखात्यात तीस वर्षं काढली, त्याचं हे फळ. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कागद हातात दिला. तो सायकलच्या हत्यारांच्या डब्यात, तळाशी ठेवलाय. तुझ्या ताईला कळलं असतं तर ती माझ्यामागे बसली असती का? बहिऱ्याच्या हातात हँडल कोण देईल? म्हणून हँडलला आरसा लावला, मागच्या गाड्या दिसाव्यात म्हणून. तिला वाटतं मी त्यात केस बघतो.

घरात मी गप्प असतो, कारण बोललं की उत्तर येतं आणि ते कळत नाही. सायकलवर उत्तर नाही ऐकू आलं तर वाऱ्यावर ढकलता येतं. आठवड्याचं सगळं बोलणं मी रविवारी बोलतो. तेवढाच मी तिचा उरलो होतो.

पण चोरी ती चोरीच. महिनाभर ठरवत होतो की सांगून टाकायचं. चार रविवार छापखान्यातल्या गमतीच सांगत राहिलो. परवाच्या रविवारी टाकीपाशी तिचा हात खांद्यावर आला, उतार लागला, पेडल मारायचं नव्हतं, आणि मी बोलायला सुरुवात केली. कागदाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. तिचा आवाज शेवटचा नीट कधी ऐकला तेही सांगितलं. न थांबता अकरा किलोमीटर. फाटक बंद होतं. पाय टेकला आणि मान न वळवता, आरशातही न बघता म्हटलं की एवढं ऐकूनही माझ्यामागे बसणार असशील, तर पाठीवर एक थाप मार. मला तेवढं कळेल.

मालगाडी जात होती. डबे संपता संपत नव्हते. थाप आली नाही. फाटक उघडलं तरी मी उभाच. शेवटी मागच्या गाडीवाल्याने उतरून मला हलवलं, तेव्हा वळलो. सीट रिकामी.

ढब्बू, त्या सीटकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. ऐकून घेतलं आणि काही न बोलता उतरून गेली, एवढंच कळलं. फाटकवाल्याला विचारलं की पिवळ्या हेल्मेटची बाई कुठे गेली. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता. मला समजलं नाही, मी नेहमीसारखी मान डोलावली. तिथे तासभर थांबलो, मग घरी आलो. ती आली, पाठ करून भांडी घासली, चकार शब्द बोलली नाही. तिचं उत्तर मला पोचलं. ती तुझ्याकडे येतेय असं तिच्या बॅगेवरून दिसतंय. तिला जप.

लोभाला मी लायक उरलो नाही. तरी कॅरमपुरता ठेवलास तर बरं.

तुझा,
भावोजी


ता. १६ फेब्रुवारी, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींचं पत्र सोबत घातलंय. तुझ्या पत्राशेजारी ठेवून चार वेळा वाचलं आणि डोकं धरून बसलो. तुला वाटतंय त्यांनी तुला सोडलं, त्यांना वाटतंय तू त्यांना सोडलंस. आणि ओट्यापाशी तू जे सगळं सांगितलंस ते नळाने ऐकलं.

मी लोकांचे डोळे तपासून पोट भरतो आणि घरचा माणूस बहिरा झालेला मला वर्षभर दिसला नाही. त्यांना जे लिहिलं त्याची आता लाज वाटते.

मी मध्ये पडत नाही. फोनही करत नाही. हे तुम्हा दोघांचंच आहे. रागावशील, आणि रागवायला जागाही आहे. पण आधी वाच, बसून वाच. त्यानंतर यायचंच असेल तर खोली आवरलेली आहे.

माया पाठवली आहे, पोच कळव.

तुझा,
ढब्बू


ता. २३ फेब्रुवारी, सोमवार

चि. ढब्बू यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. दाराशी बॅग भरून ठेवली होती, यांचं पत्र वाचत वाचत त्या बॅगेवरच बसले.

पहिल्यांदा आला तो संताप, खोटं कशाला सांगू. मागून ट्रक हॉर्न मारत यायचे, हे तसूभर हलायचे नाहीत, आणि मी मनात म्हणायचे, काय हेकट माणूस आहे. दोन वर्षं मी जीव मुठीत घ्यायला हवा होता आणि मी मागे बसून झाडं बघत होते. हत्यारांचा डबा उपसला. पाने, पंक्चरचं सामान आणि तळाशी तो कागद, तेलाने पारदर्शक झालेला. तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्या दिवशी हे माझ्यासाठी बर्फाचा गोळा घेऊन आले होते, मला चांगलं आठवतं. आनंद कसला, असं मी विचारलंही होतं.

बोलून उपयोग नव्हता. त्याच कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, मी टाकीपाशीच हातमोजा आणायला उतरले होते, तुम्ही एकटेच गेलात. आणि यांच्यापुढे ठेवलं. यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग खालीच बसले आणि मला विचारलं की म्हणजे तू त्यातलं काहीच ऐकलं नाहीस? मी मान हलवली. हे म्हणाले, मग मी ते कुणाला सांगितलं? मला रडू आलं ते तेव्हा. तीस वर्षांत हा माणूस एकदा मन मोकळं करायला निघाला आणि मी हातमोजा आणायला गेले.

माफ केलं असं मी अजून म्हटलेलं नाही, आणि यांनीही घाई केलेली नाही. दोनशेची फेरी रद्द. कानाच्या यंत्रासाठी शुक्रवारी जायचंय. आणि हँडल माझं. यांनीच सीट उंच-खाली करून दिल्या, आरसा माझ्या बाजूने फिरवला.

काल त्याच डोंगरावर गेलो. पुढे मी. चढावर माझा जीव निघाला, आणि इतकी वर्षं यांनी मला किती ओढलं तेही कळलं. टाकीपाशी पाणी प्यालो. खांद्यावर यांचा हात आला. मी निघाले नाही, मान वळवून बघितलं, बसलेत ना ते. मग एका चिठ्ठीवर लिहून दाखवलं, ते सगळं पुन्हा सांगा, पहिल्यापासून.

सांगितलं रे यांनी, अडखळत, मध्येच गप्प होत. माझा आवाज शेवटचा कधी नीट ऐकला, तेही. ते तुला लिहीत नाही, ते माझं आहे.

फाटक उघडंच होतं. तरी मी ब्रेक दाबले, कारण यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला होता, आणि पुढे बसून मागच्याच्या पाठीवर थाप कशी मारणार? मी एका हाताने सायकल धरून उतरले आणि मागे गेले. फाटकवाला केबिनमधून बाहेर आला. म्हणाला, सापडल्या वाटतं बाई. त्या दिवशी मी यांना ओरडून ओरडून सांगत होतो की तुम्ही एकटेच आलात, आणि हे आपले मान डोलावत होते.

मी यांच्या पाठीवर थाप मारली. एकच मागितली होती, पण हात काही थांबेना. मागे गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न वाजवत होते. यांना ते ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, तरी मी रस्त्यातून हलले नाही.

खोली आवरलीच आहेस तर पुढच्या महिन्यात दोघं येतो. लोभ यापुढे दोघांना मिळून एकत्र पाठव. वेगवेगळा पाठवला की एकाचा वाटेत राहतो.

तुझी,
ताई