दाब, धर, सोड

३ मार्च

ती. मामास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि. तुझ्या पायाला प्लास्टर आहे, म्हणून नमस्कार लांबूनच केलेला बरा.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तू तिकडे हॅलो हॅलो करत बसतोस आणि मी इकडे मान हलवते. कागदावर निदान मान हलवावी लागत नाही.

काम असं आहे. तू आईला दिलेल्या गाडीचे ब्रेक गेलेत. पूर्ण गेले नाहीत, पण पाय टेकवला की गाडी आधी विचार करते आणि मग थांबते. मागच्या चाकाच्या आतून तेल गळतंय, टायरवर ओघळ आलाय. आईला तर रोज घरोघरी जाऊन पेशंटच्या पट्ट्या बदलायच्या असतात, आणि आमच्या दारातून निघालं की थेट उतार. गॅरेजवाल्याकडे नेली तर तो बॉनेटवर थाप मारून म्हणाला की ताई, हिला आता भंगारात द्या आणि सुटा. चार लोक हसले. आई गाडी घेऊन घरी आली. पहिल्या गिअरमध्ये, सगळा रस्ता.

तर मला वाटतंय, ब्रेक मीच घरी करते. पुढचे पॅड, मागचे लायनर, गळणारं सिलिंडर, सगळं. लहानपणी तुझ्या डेपोत सुट्टीला यायचे तेव्हा बघितलंय मी. तू नीट लिहून पाठवलंस तर जमेल.

आईला अजून विचारलं नाही. कारण आई माझ्याशी बोलत नाही. मी शाळा सोडल्यापासून ती फ्रिजशी बोलते. म्हणजे फ्रिजकडे बघून म्हणते की कोणीतरी कपडे वाळत घाला. मग मी घालते. सोडली त्या दिवशी एवढंच बोलली होती की घरी बसून काय दिवे लावणार आहेस. मी उत्तर दिलं नाही. वर्गात धडा वाचायला उभं केलं तेव्हाही आवाज फुटला नव्हता. सगळा वर्ग हसला, आणि तेव्हापासून मला सायलेंट मोड म्हणायला लागले. तेच मी आईला सांगू शकले नाही. तुला सांगतेय, कारण तू समोर नाहीस.

लोभ आहेच, पत्राच्या उत्तरात थोडा जास्त घाल.
तुझी बारकी

८ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ. आणि प्लास्टरच्या आतल्या खाजेसकट प्रेम.

सगळ्या डेपोच्या बसचे ब्रेक लावणारा माणूस स्वतःच्या जिन्यावर थांबू शकला नाही, यावर इकडे पोरं अजून हसतायत. मला नाव पडलंय ब्रेक फेल. म्हणजे तू सायलेंट मोड आणि मी ब्रेक फेल, घराण्याचं नाव आपण दोघांनी चांगलंच काढलंय.

आता ऐक. गाडी सपाट जागी घे, पुढच्या चाकांना दगड लाव. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक हा पाहुणा आहे, कधी उठून जाईल सांगता येत नाही. खाली टेकू म्हणून लोखंडी घोडी लाव, तुझ्या शेजारच्या वेल्डरकडे असेल. एका वेळी एकच चाक उघड. म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे विसरलीस तर दुसरं चाक सांगेल. मागच्या चाकाआतल्या ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. लायनरला तेलाचं बोट लावायचं नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं.

शेवटचं काम हवा काढायचं, आणि सगळा जीव त्यातच. पाइपमध्ये हवा राहिली तर पाय दाबल्यावर हवाच दबते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. याला दोन माणसं लागतात. एक गाडीत, एक खाली. खालच्याने ओरडायचं की दाब. वरच्याने पेडल दाबून ओरडायचं की धरलंय. मग खालच्याने चाकामागचा हवेचा स्क्रू सैल करायचा, त्याला लावलेल्या नळीतून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू घट्ट केला की मगच म्हणायचं सोड. स्क्रू उघडा असताना वरच्याचा पाय उठला तर हवा परत आत. पेडलपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या चाकापासून सुरुवात.

तेव्हा गाडीत आईला बसव. तिच्याशी बोलावं लागेल, त्याला इलाज नाही. तीनच शब्द आहेत.

पाय बरा असता तर आलो असतो. नाही आलो याची लाज वाटते.
लोभ आहे, भांड्याने मोजू नये.
तुझा मामा

१५ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. हाताला ऑइल लागलंय म्हणून कागदाच्या कोपऱ्यावर डाग पडलाय, माफ कर.

झालं सगळं. वेल्डरकाकांनी घोड्या दिल्या, वर एक जुनं कव्हरऑलही दिलं, त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. आई फ्रिजला म्हणाली की कोणाला हातपाय मोडून घ्यायचे असतील तर घ्या, पण सोमवारपर्यंत गाडी पाहिजे, पेशंट थांबत नाहीत. म्हणजे हो म्हणाली.

एक वाईट झालं. ड्रम निघत नव्हता म्हणून मी गाडीखाली शिरून ठोकत होते आणि शाळेची बस आली. आमच्या गल्लीत ती रोज वळते, मी विसरलेच होते. मी तशीच आत सरकले आणि बस जाईपर्यंत पालथी पडून राहिले. त्यांना फक्त बूट दिसले असतील. बूट माझे आहेत हे कोणाला कळणार, असं मनाशी म्हणत होते. बस गेल्यावर मला बसपेक्षा माझीच जास्त लाज वाटली.

सिलिंडर नवं घातलं. लायनर तू सांगितलंस तसे, एका वेळी एक. एक स्प्रिंग उडून कुठे गेली सापडेना, तर ती कव्हरऑलच्याच खिशात पडली होती.

हवा काढायला आई बसली. बोलायचं मात्र आम्हाला दोघींना जमलं नाही. मी तोंड उघडलं आणि वर्गात झालं होतं तसंच झालं. मग मी पान्याने गाडीच्या पत्र्यावर वाजवून दाखवलं. एक ठोका म्हणजे दाब, दोन ठोके म्हणजे सोड. आईने मान हलवली. नळी आईनेच दिली, तिच्या बॅगेतली सलाइनची, बुडबुडे छान दिसतात तिच्यात. अशी चारही चाकं केली.

नंतर आई गाडीतून उतरली, पुसलेले ड्रम, नीट लावलेली हत्यारं बघितली, आणि घरात जाऊन फ्रिजला म्हणाली की कोणीतरी काम बरं केलंय. मामा, मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बाकी ठीक.
लोभ असाच राहो, सगळं समजल्यावरसुद्धा.
तुझी बारकी

ता. क. पेडल पहिल्यांदा जरा खोल जातं. दोन-तीनदा मारलं की वर येतं. लायनर नवे आहेत म्हणून तेवढं चालतं ना? नुसतं विचारतेय.

१७ मार्च

चि. भाऊस,
ताईचे अ. आ. मला पत्र लिहायची सवय नाही, मी कागदावर फक्त लोकांचे ताप लिहिते. सकाळपासून तुझे किती फोन येऊन गेले ते आत्ता बॅग उघडल्यावर दिसलं. सगळं ठीक आहे. पण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

आज सकाळी बॅग गाडीत टाकली, गाडी चालू केली, फाटकातून नाक बाहेर काढलं. पुढे उतार. आणि तुझी भाची अनवाणी, तोंडात ब्रश, धावत आली आणि गाडीपुढे उभी राहिली. दोन्ही हात बॉनेटवर. आणि ओरडली. भाऊ, या पोरीचा एवढा आवाज मी ती जन्मली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आज. म्हणाली की जाऊ नकोस, मागच्या चाकात हवा राहिलीये, मला माहीत होतं तरी मी सांगितलं नाही.

गाडी रस्त्यात आडवी, त्यामुळे मागून आलेली शाळेची बस थांबलेली. खिडक्यांतून सगळी पोरं बघतायत, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि ही पेस्टचा फेस गळत रडतेय. तरी हलली नाही. मी इंजिन बंद केलं तेव्हाच बाजूला झाली.

मग कळलं. मागच्या चाकाचा स्क्रू बंद होईना म्हणून तिने पान्यावर हातोडी मारली, दोनदा. मला वाटलं दोन ठोके, मी पाय उचलला. नळीतले बुडबुडे उलटे आत जाताना तिने बघितले. चारही चाकं झाल्यावर परत करू या म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी खाली उतरून तिचं कौतुक केलं. तेही फ्रिजला. इतक्या महिन्यांनी एक बरा शब्द, तो परत द्यायचा तिला धीर झाला नाही.

मला आधी राग आला. नंतर जे आलं ते सांगायला लाज वाटते. पाय उचलला तेव्हा पेडल कसंतरीच लागलं होतं. मलाही शंका आली होती. खाली वाकून, काय गं, बरोबर झालं ना, एवढं विचारायचं होतं. पण आधी बोलायचं कोणी, यावर मी अडून बसले. वयाने मोठी मी, आणि हट्ट फ्रिजएवढा.

शाळेचंही आज सांगितलं तिने. धडा, हसणं, सगळं. मी तिला दिवे लावण्याचं बोलले होते ना, ते आता मला गिळता येत नाहीये.

आज पेशंटकडे पायी जाते.
लोभ ठेव, मी त्याला लायक नसले तरी.
तुझी ताई

२१ मार्च

चि. बारकीस आणि सौ. ताईस (एकाच कागदावर, भांडून वाचा),
अ. उ. आ. आणि सा. न. ज्याचं त्याने उचलून घ्यावं.

बारके, तुझी ता. क. वाचली आणि प्लास्टरमधल्या पायाला घाम फुटला. खोल जाऊन पुन्हा मारल्यावर वर येणारं पेडल म्हणजे हवा. चालत नाही. कधीच चालत नाही. ताईचा फोन बॅगेत वाजत राहिला आणि मी इकडे भिंतीला धरून एका पायावर घरभर उड्या मारत होतो. ताईचं पत्र आलं तेव्हा कुठे बसलो.

आता माझं ऐका. हवा एकट्या माणसालाही काढता येते. नळीला एक झडप असते, तेल बाहेर येऊ देते, हवा आत जाऊ देत नाही. डेपोत आम्ही तीच वापरतो. मला लिहिता आलं असतं, मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं, त्या निमित्ताने दोघी तोंड उघडतील. फार शहाणा समजत होतो स्वतःला. माझ्या शहाणपणापायी ताई त्या उतारावर गेली असती. हे लिहिताना मान वर होत नाहीये.

झडपेची नळी बांधून ठेवलीये. म्हणाल तर उद्या पाठवतो.
लोभाबद्दल बोलायचा हक्क सध्या मला नाही.
ब्रेक फेल

२६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. या वेळी मोठ्याने म्हणून लिहिलाय, आईने आतून विचारलं की कोणाला नमस्कार करतेस.

नळी पाठवू नकोस.

रविवारी परत केलं. पहिल्यांदा दाब म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आई खिडकीतून डोकं काढून म्हणाली की गाडीखाली डास आहे का कोणी. मग मी जरा जोरात म्हणाले. ती म्हणाली धरलंय. तिसऱ्या चाकापर्यंत आमचा असा आरडाओरडा चालला होता की वेल्डरकाका बघायला आले, त्यांना वाटलं भांडण पेटलं.

पेडल आता दगडासारखं आहे. उतारावर आधी अगदी हळू नेली, खालपर्यंत, तीनदा. मीही शेजारी बसले होते. आई म्हणाली की बसायलाच पाहिजे, केलंय कोणी. गाडी जिथे म्हटलं तिथे थांबली. शाळेची बस परवा परत दिसली. एका मुलीने हात केला. मी पण केला, पण अर्धाच. अजून लाज जात नाही रे. बघू.

शाळेबद्दल आई काही विचारत नाही. वेल्डरकाका म्हणतात की हवं तर ये शिकायला. आई म्हणाली ठरवून सांग. मला म्हणाली, फ्रिजला नाही.

एक गोष्ट राहिली. शेवटचं चाक झालं, स्क्रू घट्ट केला, बुडबुडा एकही नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी तशीच उठून मोरीवर गेले, साबणाने हात घासले, नखं कोरली, चहा टाकला. मग आईला हाक मारली तर आई घरात नाही. बाहेर जाऊन बघते तर ती अजून गाडीत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाय पेडलवर गच्च, मांडी थरथरतेय. मी म्हटलं अगं हे काय, झालं कधीच. तर म्हणाली की तू सोड म्हणाली नव्हतीस.

मामा, लोभ धरून ठेव. मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस.
तुझी बारकी