अठराशे अडतीस सालची बाई

विलोबी, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर

प्रिय केरिन,

अनेक आशीर्वाद. तू, नील आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. तुमच्या ॲरिझोनात अजून उकडत असेल. इथे सकाळी गवतावरचं दव गोठायला लागलंय. मेपल लाल झालेत आणि ते बघायला बसा भरभरून माणसं येतायत. आमच्या या संग्रहालयाच्या गावातल्या जुन्या घरांचं कौतुक पानं गळेपर्यंतच असतं, मग कुत्रं विचारत नाही.

काल एका बाईने मी बांधत असलेल्या लाकडी पिंपावर थाप मारून विचारलं, "हे प्लॅस्टिकचं आहे का हो?" मी म्हटलं, "बाई, ते काय असतं?" नियम तुला ठाऊकच आहे. तिकीटघराच्या आत पाऊल टाकलं की साल अठराशे अडतीस. तूही लहानपणी सुट्टीत टोपी घालून कोंबड्यांना दाणे टाकायचीस आणि कुणी मनगटावरचं घड्याळ दाखवलं की डोळे मोठे करून बघत बसायचीस. लोक तुझ्यावर खूष असायचे.

माझे गुडघे कुरकुरतात. पिंपाच्या फळ्या वाकवायला आता दुप्पट वेळ लागतो, पण पाहुण्यांना तेच आवडतं, म्हातारा जितका कण्हेल तितका त्यांना खरा वाटतो. तुझ्या आईचं बरं चाललंय. तिचं काम अजून तिथेच, गावातल्या पाद्र्याच्या घरात, चुलीपाशी.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होतो. नेहमी तेच करतो. आज कागद परत पुढे ओढलाय, तेव्हा आता सांगूनच टाकतो.

जुलैत तू फोन केलास तेव्हा आई म्हणाली, "मला मूलबाळ नाही हो. देवाने ओटी रिकामीच ठेवली," आणि फोन ठेवला. तुला वाटलं, एडिथमावशीच्या अंत्यविधीला तू आली नाहीस त्याचा राग ती अजून काढतेय. तू मला कळवलंस, "तिने मला मेलेली ठरवलंय तर मीही पुन्हा फोन करणार नाही." आणि मी तुला उत्तर दिलं, थोडे दिवस जाऊ दे, राग निवळेल.

राग नव्हता, केरिन. ते शब्द विधवा मिसेस ॲबटचे आहेत. मुलंबाळं किती, असं पाहुण्यांनी विचारलं की ती नेहमी हेच सांगते. तुझी आई इतकी वर्षं मिसेस ॲबटचं सोंग घेत आली. आता ते सोंग राहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने तिला विचारलं, "साल कोणतं?" ती म्हणाली, "अठराशे अडतीस." मी खो खो हसलो. म्हटलं, "डॉक्टर, तिला पगारच त्याचा मिळतो!" तोही हसला. आई हसली नाही. आम्ही दोघं कशाला हसतोय तेच तिला कळेना. घरी येताना गाडीत मी तो किस्सा तिलाच पुन्हा सांगितला, इतका मी मूर्ख. पुढे मे महिन्यात दुसऱ्या डॉक्टरने नीट तपासून काय ते सांगितलं.

म्हणजे जुलैत मला माहीत होतं. तरी तुला रागातच राहू दिलं, कारण तुझा राग मला परवडत होता. खरं कळलं असतं तर तू मिळेल त्या विमानाने आली असतीस आणि तिने दार उघडून तुला विचारलं असतं, "कोण हवंय?" ते मला बघवलं नसतं.

घरी मी साध्या पँटमध्ये दिसलो की ती किंचाळते. एकदा तर चुलीतला चिमटा उगारून अंगावर आली. म्हणून आता गावातून येताना चामड्याचा एप्रन आणि टोपी अंगावर तशीच ठेवतो. मग सगळं गोड. "अहो पिंपवाले, आलात का? बसा, चार घास खाऊन जा." मी बसतो. ती वाढते, हवापाण्याचं विचारते, पाद्र्याच्या बायकोची चहाडी करते. कधी कधी इतकी मजेत असते की मला लग्नाआधीचे दिवस आठवतात. पण अंधारून आलं की तिचा चेहरा बदलतो. "आता निघा तुम्ही. विधवेच्या घरात परका पुरुष, लोक काय म्हणतील?"

मग मी टोपी उचलतो आणि मागच्या ओसरीवर जाऊन बसतो. आतला दिवा मालवला की हळूच आत जातो. शेजारच्या मिसेस डन्फीने परवा पाहिलं. "काय ऑरिन, बायकोने हाकललं वाटतं?" मी म्हटलं, "रोजच हाकलते." ती हसली आणि जरा वेळाने घोंगडी आणून दिली. तिला काय ते समजलं असावं.

गावात मात्र तुझी आई चुकत नाही. चुलीवरचा पाव, मडक्यातल्या घेवड्याच्या बिया, काकवी घातलेलं मक्याचं पुडिंग, सगळं हाताला पाठ. पाहुणे म्हणतात, असा अभिनय कुठे पाहिला नाही. मी भिंतीपलीकडे फळ्या तासत ऐकतो आणि मला हातातलं फेकून द्यावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यात तिच्या पदराला, म्हणजे एप्रनच्या टोकाला, ठिणगी लागली. कुणीतरी पाणी ओतलं, भाजलंबिजलं नाही. पण ट्रेव्हर, आमचा नवा व्यवस्थापक, माझ्याकडे आला. पोरगा वाईट नाही. "ऑरिन, इथे त्यांच्या तोडीचं कुणी नाही. पण पुढच्या मोसमात मी त्यांना चुलीपाशी उभं करू शकत नाही." मी म्हटलं, "मग कुठे उभी करतोस? तिला दुसरी जागाच उरली नाही." त्याचे डोळे भरून आले, तरी मी त्याला नको ते बोललो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गाव बंद होतं. त्यानंतर वुस्टरच्या शुश्रूषागृहात तिच्यासाठी खोली मिळालीय. स्वच्छ आहे, नर्सबाई प्रेमळ आहेत. पण तिथे चूल नाही, पाद्री नाही, पिंपवालाही नाही. तिथे तिला कुणी 'मिसेस ॲबट' म्हणणार नाही आणि एप्रिलमध्ये गाव पुन्हा उघडेल तोवर तीही ते नाव विसरलेली असेल. मी थकलोय, पोरी. नवरा म्हणून मी काहीही निभावलं असतं. पण रोज दिवेलागणीला परका होऊन स्वतःच्या घरातून निघायचं, याने मी पार थकलोय.

तू ये. त्या रविवारच्या आत ये. पण लेक म्हणून येऊ नकोस, पाहुणी म्हणून ये. तिकीट काढ. माझं नाव सांगितलंस तर फुकट सोडतील, पण सांगू नकोस. पाद्र्याच्या घरात जा, इतरांबरोबर रांगेत उभी राहा. तिला आई म्हणू नकोस, ती घाबरते. रडू आलंच तर येऊ दे, तिथे इतका धूर असतो की सगळ्यांचेच डोळे पाझरतात. पुडिंग काय घालून केलंय ते विचार, म्हणजे ती तुझ्याशी खूप वेळ बोलेल.

आणि एक तयारी ठेव. तुझ्या वयाची कुणी समोर आली की ती हातातला डाव खाली ठेवते, हनुवटीला बोट लावून चेहरा वर करते आणि विचारते, "कुणाची गं तू?"

तेव्हा काय म्हणायचं, ते मला सुचत नाही. तुला जे सुचेल ते म्हण. मी दाराशी उभा असेन.

तुझा बाप आणि तुझ्या आईचा शेजारी,
ऑरिन