सुताराचं रान

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच घडतो, तेवढा गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? तिकडच्या थंडीत आखडते, असं भाची सांगत होती. आम्ही इकडे ठीक. तुझी भावजय माझ्यापेक्षा ठीक, पण ते नेहमीचंच.

लिहायला बसलो ते एवढ्यासाठी, की घरामागच्या आपल्या उताराचं रान झालं आहे. म्हणजे सरकारदरबारी झालं आहे. डोळ्यांना दिसायला वेळ आहे. या भागातली झाडी फार घटली म्हणून सरकारने धोरण काढलं. ज्याची जमीन पडून आहे त्याने ती रानासाठी राखायची, रोपं, कुंपण आणि पहिल्या काही वर्षांच्या निगराणीचा खर्च सरकारचा, आपण फक्त झाडं तोडायची नाहीत. मी हे रंधा मारता मारता रेडिओवर ऐकलं. जन्मभर खुर्च्या-कपाटं करणाऱ्या सुताराने ‘तोडणार नाही’ असं लिहून देणं म्हणजे बोक्याने दुधाची राखण पत्करणं, असं सगळी गल्ली म्हणाली. तुझी भावजय काहीच म्हणाली नाही, आणि ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

जमीन दोघांच्या नावावर, म्हणून तुझी संमती हवी होती. मला वाटलं, तू भांडशील. ‘म्हातारपणी मी घर बांधणार ती जागा, तिथं झाडं कसली लावतोस?’ म्हणून तावातावाने येशील, चार दिवस धुसफुसशील, मग चार दिवस राहशील. (भांडणाची तयारी म्हणून वरची खोली झाडून गादीला ऊनही दाखवलं होतं.) तू आपली मुकाट्याने सही करून पाठवलीस. इतका समजूतदारपणा बरा नव्हे, ताई.

मग वनखात्याच्या बाई आल्या. वयाने भाचीएवढ्या, पायात चिखलाचे बूट. मी म्हटलं, सरळ वाढणारं, चांगल्या फळ्या निघणारं एकच झाड सगळीकडे लावून टाका. त्या म्हणाल्या, “काका, एकाच जातीच्या रांगा लावल्या की तो माल होतो, रान होत नाही. मदत रानाला आहे.” इथली मूळची झाडं दाखवायला त्या मला ओढ्याकाठी घेऊन गेल्या. आता मी लाकूड ओळखतो ते आडवं. उभ्या झाडापुढे उभा राहिलो, तर एकाचीही ओळख पटेना. शेवटी सालीचा वास घेऊन ठणकावून एक नाव सांगितलं. ते समोरच्या झाडाचं नव्हतं. माझ्या हातातल्या काठीचं होतं.

रोपं वेळेवर आली, कुंपण आलं नाही. (कुंपण दुसऱ्या कचेरीकडे असतं. दोन्ही कचेऱ्या एकाच जिन्यावर आहेत, पण बोलणं नाही.) मधल्या काळात गवळ्याच्या म्हशींनी अर्धं रान खाल्लं. मी बाईंपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “मेलेल्या रोपांच्या जागी नवी मिळतात, काका. धोरणातच आहे. काही जाणार, हे धरलेलंच असतं.” एवढ्या कलमांत कुणीतरी हे एक मायेचं कलम घातलं आहे. आपण काही मोडलं की आई-अण्णाही असंच म्हणत, ते आठवलं, आणि डोळ्यांत लाकडाचा भुसा गेला असं सांगावं लागलं. (दुकान बंद होतं.)

आता प्रत्येक रोपाला पांढरी नळी घातली आहे, म्हणजे सशांनी कुरतडू नये. लांबून उतार इतका कबरस्तानासारखा दिसतो, की कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षिका परवा थांबून हात जोडून गेल्या.

रानात थोडी जागा मोकळी सोडायची मुभा आहे. मी वरच्या अंगाला, जिथून नदीचं वळण दिसतं तिथं सोडली. बाईंनी टेप लावली आणि विचारलं, “इतकी चौकोनी जागा कशाला?” मी म्हटलं, फुलपाखरांसाठी. तुझी भावजय मागूनच म्हणाली, “फुलपाखरांना दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा लागतो, बाई.” बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर फुलपाखरंच लिहिली.

तिथं घर होणार नाही, हे कळतं मला. तू बांधणार नाहीस, हे त्याच्याही आधी कळलं होतं. पण दोघांना बसता येईल. जाताना बाई म्हणाल्या, तीस वर्षांनी इथं खरी दाट सावली होईल. तुझी भावजय म्हणाली, “तोवर चहा घ्या.”

संध्याकाळी मी त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसतो. रोपं गुडघ्याएवढी आहेत, पण वारा आला की नळ्यांतून बारीक शीळ येते. ऐकायला दुसरं कुणी हवं होतं, असं रोज वाटतं.

मेहुण्यांना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : फाटकावर रानाच्या नावाची पाटी लावायची आहे. पाटी मी स्वतः करतो आहे. फळी तासून झाली. नाव थोरल्या बहिणीने ठेवायचं आणि ते इथं समक्ष येऊन सांगायचं, असा सरकारी नियम आहे.

आणखी एक ता. क. : असा नियम नाही. करता येईल का, हे मी बाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, “काका, धोरण बदलायला फार वर्षं लागतात.” तेवढा दम आता माझ्यात नाही. तू ये.