वेग जाणवायला हवा

सोमवार, ३ मार्च
नवी रेसिंग सायकल आली. हवा भरून टायर दगडासारखे टणक करून घेतले. सायकलवाला म्हणत होता, टायरवर हवेचा आकडा लिहिलाय, त्याच्यापुढे जाऊ नका साहेब. लिहिलेलं सामान्य माणसांसाठी असतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. हँडल झणझणलं, दात वाजले, डोळ्यांत पाणी आलं. याला म्हणतात वेग! १६ तारखेला सायकल क्लबची चाचणी आहे. फास्ट ग्रुपमध्ये एकच जागा रिकामी आहे, म्हणजे माझी.

गुरुवार, ६ मार्च
स्पीडोमीटर बिघडलेला निघाला. एवढा झणझणाट, आणि आकडा एखाद्या पेन्शनरचा. काढून टाकला. तेवढंच वजन कमी. ऑफिसात निवड झाल्याचं सांगून टाकलं. जर्सी शिवायला दिली, पाठीवर 'फास्ट ग्रुप'.

शनिवार, ८ मार्च, सकाळ
माझ्या वेगाला साक्षीदार हवा म्हणून बायकोला तिच्या बास्केटच्या सायकलवर मागे यायला लावलं. बाजारापर्यंत मागेच होती. वर बहिणीशी फोनवर गप्पा. हवा कापायची मी आणि ही आयती माझ्या आडोशाने येणार! तसं समजावलं तर नुसतं 'हं' म्हणाली. येताना बास्केटभर बटाटे होते, तरी आडोसा सोडला नाही. टायर जाड, समजही जाड.

मंगळवार, ११ मार्च
दाढेतलं सिमेंट निखळलं. क्लबचा कप्तान धंद्याने डेंटिस्ट, त्याच्याकडेच गेलो. माझा जबडा उघडा असल्याचा त्याने गैरफायदा घेतला. म्हणे टायर इतके टणक केले की सायकल खड्ड्याखड्ड्याला उडते, हादरे बसतात म्हणून जोरात वाटतं, पण तुमचा जोर त्या हादऱ्यांतच जातो. थोडी हवा सोडा. बायको बाजूला बसून सगळं ऐकत होती. मला 'आ'शिवाय काही बोलता येईना. दातवाल्याने दात बघावेत. घरी येऊन आणखी हवा भरली.

शुक्रवार, १४ मार्च
जर्सी आली. पोटावरून खाली येईना. शिंप्याने माप चुकवलं. रविवारपर्यंत रात्रीचं जेवण बंद.
(जेवलो. उपाशीपोटी झोप लागत नाही.)

रविवार, १६ मार्च
चाचणी. वेग प्रचंड जाणवत होता. इतका की पुढचं दिसेना. विशेषतः बाकीचे लोक दिसेनात. चढाच्या निम्म्यावर पाठ धरली, उतरलो. बायको मागून पाणी घेऊन आलीच. मागे राहिलेल्यांना गोळा करायला कप्तानही आला. त्याने माझी विचारपूस केली नाही. हिला म्हणाला, वहिनी, बघता का चालवून?
हिने आधी दोन्ही टायरमधली हवा थोडी सोडली. मग सीट वर केली. ही माझ्यापेक्षा उंच आहे, म्हणून फोटोत तिला मी खुर्चीवर बसवतो. गेली. चढ संपायच्या आत बाकीच्यांना गाठलं. परत येऊन मला म्हणाली, अहो, हिच्यावर तर काहीच जाणवत नाही, घरात बसल्यासारखं वाटतं.
जागा तिला मिळाली. जर्सीही. तिला अगदी नीट बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. फार लागलं मनाला.

सोमवार, १७ मार्च
ऑफिसात सांगितलं, जागा घरातच आली. कोणी पुढे विचारलं नाही.
रेसिंग सायकल बायको सरावाला घेऊन गेली. मला बास्केटवाली. तिच्यावरून सासरवाडीला निघालो. हिचं मडगार्ड सैल आहे. असा खडखडाट की कुत्री पळाली. एवढा वेग आयुष्यात जाणवला नव्हता! चढावर सासरे भेटले, पायी चालले होते. हातातली पिशवी त्यांनी माझ्या बास्केटमध्ये ठेवली आणि दार उघडून ठेवतो म्हणून पुढे निघून गेले.